फेरेटच्या अंगाचे रंग आणि नमुने

फेरेट हा मुस्टेलिडी कुळातला पाळीव प्राणी, म्हणजे आपल्याकडचं पाणमांजर ज्या कुळात येतं त्याच कुळातला. मुंबईत तो कुणाच्या खांद्यावर दिसला की लोक पटकन मुंगूस म्हणून मोकळे होतात, पण मुंगूस वेगळ्या कुळातलं, मांजरांना जवळचं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते घरात पाळताच येत नाही. फेरेटचे रंग हा विषय वरवर नुसत्या दिसण्याचा वाटतो, पण त्यात या प्राण्याचा इतिहास, केसांची रचना, डोळे आणि मुख्य म्हणजे कान असं बरंच काही गुंतलेलं आहे, त्यामुळे नावांची यादी पाठ केली तरी अर्धी माहितीसुद्धा हाती लागत नाही.

वर्णन करताना दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. एक रंग, म्हणजे केसात रंगद्रव्य कुठल्या छटेचं आणि किती. दुसरा नमुना, ज्याला पाळणारे पॅटर्न म्हणतात, म्हणजे तो रंग अंगावर कुठे गडद, कुठे फिका आणि कुठे अजिबात नाही. ‘चॉकलेट’ हा रंग झाला, ‘पांडा’ हा नमुना झाला, आणि एकाच फेरेटला दोन्ही लागू होऊ शकतात. विकताना मात्र दोन्ही एकाच नावात कोंबले जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ दाट अंडरकोट, पांढरा, साईच्या रंगाचा किंवा किंचित सोनेरी; वर लांब जाडसर गार्ड हेअर, आणि फेरेटचा रंग कोणता ते ठरतं या वरच्या केसांवरून. पाठीवर हलकी फुंकर मारली की वरचे केस दुभागतात, आतली फिकी लोकर उघडी पडते, आणि सेबल, म्हणजे गडद तपकिरी, फेरेट लांबून धुरकट का दिसतो ते लगेच कळतं, गडद केसांमधून आतला फिका थर डोकावत असतो. कुशीला गार्ड हेअर विरळ म्हणून तिथे फिकेपणा जास्त, आणि पाय, शेपूट, खांदे इथे रंग दाट. या गडद भागांना पॉइंट म्हणतात, डोळ्यांभोवतीच्या गडद पट्ट्याला मास्क.

मूळ रंग कोणता, हा प्रश्न मूळ पूर्वज कोण या जुन्या वादाशी जोडलेला आहे. फेरेट साधारण दोन ते अडीच हजार वर्षांपूर्वी माणसाळला असं सहसा धरतात, पण ही तारीख हाडांपेक्षा जुन्या लिखाणावर जास्त टेकलेली आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो आणि त्याच्यानंतर रोमन लेखक प्लिनी या दोघांनी सशांच्या बिळात सोडायच्या एका छोट्या शिकारी प्राण्याचा उल्लेख केलाय, स्ट्रॅबो तर तो लिबियातून आणलेला सांगतो, आणि हा प्राणी फेरेटच असावा असं बहुतेकांना वाटतं. रंगाबद्दल मात्र दोघंही काही बोलत नाहीत. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली मुस्टेला फुरो हे नाव दिलं तेव्हा लाल डोळे ही त्याची खूण सांगितली आणि राहण्याची जागा आफ्रिका लिहिली, बहुधा त्या जुन्या लिबियाच्या उल्लेखावरूनच. म्हणजे शास्त्रात ज्या फेरेटची पहिली रीतसर नोंद झाली तो अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्य नसलेला, होता, आणि पुढे बराच काळ युरोपात फेरेट म्हटलं की पिवळट पांढरा लाल डोळ्यांचा प्राणी हेच चित्र राहिलं.

पूर्वज म्हणून फेरेटच्याच कुळातले दोन रानटी प्राणी दावेदार आहेत, युरोपियन पोलकॅट आणि गवताळ प्रदेशातला स्टेप पोलकॅट. स्टेप पोलकॅट अंगाने फिका आणि पायांनी काळा, कवटीही डोळ्यांच्या मागे अरुंद, आणि फेरेटची कवटी त्याच्याशी मिळतीजुळती आहे म्हणून जुन्या अभ्यासकांचा कल तिकडे होता. पण कवटीचा आकार माणसाळताना बदलू शकतो. गुणसूत्रं मात्र स्टेप पोलकॅटची ३८ आणि युरोपियन पोलकॅटची ४०, फेरेटचीही ४०, शिवाय युरोपियन पोलकॅटशी त्याचा संकर सहज होतो आणि पिल्लं प्रजननक्षम असतात, त्यामुळे आता पारडं युरोपियन पोलकॅटकडे झुकलेलं आहे. तसं धरलं तर सेबल हाच मूळचा रानटी रंग ठरतो आणि बाकीचे सगळे माणसाच्या हाताखाली टिकलेले. पांढरा रंग का टिकला यावर शिकाऱ्यांचं पारंपरिक उत्तर असं की बिळातून बाहेर पडलेला पांढरा प्राणी झुडपात पटकन दिसतो. हे पटण्यासारखं आहे, पण रानात अल्बिनो जगत नाही आणि पिंजऱ्यात जगतो एवढंही कारण पुरेसं असू शकतं. ब्रिटनमध्ये रानटी पोलकॅट आणि पळालेले फेरेट यांचे संकर आजही ओळखावे लागतात, तिथे मास्क नाकापर्यंत पोचतो का, गळ्याला फिका डाग आहे का, पंजे पांढरट आहेत का, हे बघतात. फेरेटचं रक्त असलं की मास्क नाकाआधीच थांबतो.

आज वापरातली नावं बहुतेक अमेरिकन फेरेट असोसिएशनच्या प्रदर्शनांसाठीच्या वर्णनांतून आलेली आहेत, मुंबईतही तीच चालतात. सेबल म्हणजे उबदार गडद तपकिरी; ब्लॅक सेबलमध्ये हा उबदारपणा नसतो, तपकिरी काळ्याकडे झुकतो; ब्लॅक म्हणजे खराखुरा काळा, नाकसुद्धा काळं किंवा काळ्या ठिपक्यांचं. हे तिन्ही ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात नेल्याशिवाय फरक सांगूच नये. चॉकलेट नावाप्रमाणे, शॅम्पेन त्याच्याहून पातळ, फिक्या टॅन रंगाचा. सिनॅमन हा लालसर फिका तपकिरी आणि या नावाचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो, कारण शॅम्पेनलाच सिनॅमन म्हणून खपवायचा मोह असतो. लाली दिसत नसेल तर तो सिनॅमन नव्हे. या फिक्या रंगांत डोळे बरेचदा गडद वाइनच्या छटेचे आणि नाक गुलाबी किंवा विटकरी असतं, कधी नाकावर इंग्रजी टी अक्षरासारखी तपकिरी रेघ. केस बदलले तरी डोळा आणि नाक सहसा फसवत नाहीत, म्हणून रंग ठरवताना आधी तिथे बघावं.

नमुन्यांमध्ये स्टँडर्ड हा नेहमीचा, पॉइंट वेगळे ओळखू येणारा. सॉलिडमध्ये अंग आणि पाय जवळजवळ एकाच दाटपणाचे. पॉइंट नमुन्यात, ज्याला सियामीजही म्हणतात, अंग फिकं आणि टोकं ठळक. रोनमध्ये रंगीत केसांत साधारण निम्म्याला येतील इतके पांढरे केस मिसळलेले असतात, आणि ‘सिल्व्हर’ म्हणून जे मिळतात ते बहुतेक काळे रोनच. मिट म्हणजे चारही पंजे पांढरे आणि गळ्याखाली पांढरा डाग.

पांढऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पांढरे फेरेट दिसायला एकसारखे असले तरी आतून दोन वेगळे प्रकार आहेत आणि घरी आणणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. अल्बिनोमध्ये रंग तयार करणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, जागच्या जागी असतात, पण त्यांना रंगद्रव्य बनवता येत नाही. त्यासाठी लागणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातला चौथा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा एक तुकडा, अल्बिनो फेरेटमध्ये गायब असल्याचं जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, त्यामुळे दोन सेबल आईबापांच्या पोटी अल्बिनो पिल्लू होऊ शकतं, त्यात नवल काही नाही. डोळ्यातही रंगद्रव्य नसल्यामुळे बुबुळ लाल दिसतं आणि परिणाम तिथेच थांबत नाही, दृष्टीच्या मज्जातंतूंची मेंदूकडे जाणारी वाटणीच बदलते, आणि हलणाऱ्या वस्तूचा अंदाज घ्यायला अल्बिनो फेरेट रंगीत फेरेटपेक्षा कमी पडतात हे प्रयोगांत दिसलंय. अल्बिनोसमोर एकदम हात नेऊ नये असं जुने पाळणारे सांगतात त्याला आधार आहे तो असा.

दुसरा प्रकार पांढऱ्या डागांचा. इथे मेलॅनोसाइट मुळात त्या कातडीपर्यंत पोचलेलेच नसतात. गर्भात या पेशी पाठीच्या बाजूच्या मज्जाशिखा नावाच्या पेशीसमूहातून निघून अंगभर पसरतात, त्यांचा प्रवास कमी पडला की तो भाग पांढरा राहतो. कपाळापासून मानेकडे गेलेला पांढरा पट्टा म्हणजे ब्लेझ, मानेखांद्यापर्यंत सगळं डोकं पांढरं म्हणजे पांडा, आणि जवळजवळ सगळं अंग पांढरं पण डोळे गडद म्हणजे डार्क आइड व्हाइट, याच्या पाठीवर कधी गडद केसांची पुसट रेघ असते. डार्क आइड व्हाइट आणि अल्बिनो यांच्यात अंधुक खोलीत गल्लत होते. उजेडात डोळा लाल की गडद एवढं पाहिलं की झालं. पण याच पेशी अंतर्कर्णातही लागतात, तिथल्या शंखाच्या आकाराच्या भागातल्या एका पडद्यात त्या नसतील तर ऐकण्याची यंत्रणा जन्मानंतर लवकरच निकामी होते. अल्बिनोमध्ये पेशी हजर असतात म्हणून हा धोका तिथे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरगुती १५२ फेरेट तपासले, त्यातले ४४, म्हणजे २९ टक्के, जन्मजात बहिरे निघाले, बहुतेक दोन्ही कानांनी. त्यात पांडा आणि ब्लेझ नमुन्याचे झाडून सगळे बहिरे होते. पांढऱ्या डागांच्या इतर नमुन्यांशी आणि अकाली पांढरं होण्याशीही बहिरेपणाचा घट्ट संबंध दिसला.

म्हणून पांढऱ्या डोक्याचा फेरेट घेताना तो ऐकत नाही असंच धरून चालणं बरं. हाक मारली तरी येत नाही, चावताना ‘नको’ म्हटलेलं मानत नाही म्हणून त्याला हट्टी ठरवतात, मार देतात, हा त्या मुक्या जिवावर सरळ अन्याय आहे. बहिरा फेरेट छान जगतो, फक्त त्याला जमिनीची थाप, दिव्याची उघडझाप, हाताची खूण शिकवावी लागते आणि झोपेत असताना आधी वास देऊन उठवावं लागतं. खात्री हवी तर कानांची विद्युत चाचणी असते, बेअर नावाची, पण ती करणारी यंत्रणा सगळीकडे नसते.

रंग कायमचा नसतो हेही नवीन माणसाला धक्कादायक वाटतं. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर बारीक पांढरी लव असते, रंगीत पिल्लं काही दिवसांत करडी व्हायला लागतात, मग हळूहळू मोठेपणीचा रंग उतरतो. पुढे वर्षातून दोनदा केस गळतात, वसंतात आणि शरदात, म्हणजे आपल्या होळीच्या आणि दिवाळीच्या सुमाराला, आणि हिवाळी केस लांब, दाट, बरेचदा फिके. मास्कसुद्धा हिवाळ्यात लहान होतो. ही घडी दिवसाच्या लांबीवर चालते. आता लंडनला हिवाळ्यात दिवस आठ तासांहून लहान आणि उन्हाळ्यात सोळाहून मोठा, तर मुंबईत अकरा आणि सव्वातेरा, वर रात्री बारापर्यंत घरात दिवे, त्यामुळे परदेशी वर्णनातला ऋतूंचा ठळक फरक इथल्या फ्लॅटमध्ये तसाच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. रोन फेरेट वयाबरोबर आणखी पांढरे होत जातात, काही तर ओळखू येत नाहीत. नसबंदी न केलेल्या नराच्या अंगावर माजाच्या काळात तेल सुटतं आणि पांढरा फेरेट पिवळा दिसतो, आंघोळ घालून तो पिवळेपणा हटवायचा नाद करू नये, कातडी कोरडी होऊन तेल उलट वाढतं.

शेपटीपासून सुरू होऊन दोन्ही कुशींना सारखे केस गेले तर तो ऋतूचा बदल समजून बसू नये, मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीचा आजार मध्यमवयीन फेरेटमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि लक्षण हेच. उलट सोनोग्राफी किंवा ऑपरेशनसाठी केस काढलेली जागा काही आठवड्यांनी निळसर झाली तर घाबरायचं कारण नसतं, कातडीखाली नवीन रंगीत केस तयार होतायत म्हणून ती तशी दिसते आणि केस वर आले की निळेपणा जातो.