चष्म्याचा नंबर बरोबर, तरी डोळा धोक्यात असू शकतो
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बहुतेक ग्राहक आमच्या दुकानात नवा चष्मा करायला येतात, आणि बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं. पण काही जणांना आम्ही चष्मा न करता आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. काहींना ते पटत नाही. "तुम्ही नंबर काढा, डॉक्टरांचं मागाहून बघू," असं म्हणतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घरात मधुमेह किंवा काचबिंदू आहे त्या सर्वांसाठी.

तपासताना आम्ही डोळ्यासमोर एक काळी चकती धरतो, तिला मध्ये बारीक भोक असतं. त्या भोकातून तक्त्यावरची आणखी खालची ओळ वाचता आली, तर दोष बहुधा नंबरचा असतो आणि चष्म्याने काम होतं. भोकातूनही अक्षर तितकंच पुसट राहिलं, तर अडचण डोळ्याच्या आत असण्याची शक्यता मोठी. तिथे काच बदलून देणं म्हणजे तुमचे पैसे आणि उपचाराचा वेळ, दोन्ही वाया घालवणं. तसा चष्मा आम्ही करून देत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चष्मा लावून ६/६, म्हणजे तक्त्यावर पूर्ण नजर, दिसलं म्हणजे डोळा निरोगी, असं ठरत नाही. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार, दोन्हींत सुरुवातीला माणूस तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

मधुमेह आणि डोळ्याचा पडदा

मधुमेहाबद्दल गोव्यात जरा जास्तच बोलावं लागतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात जास्त, २६.४ टक्के. प्रौढांमध्ये चौघांत एक म्हणा ना.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, काही बंद पडतात. रक्त कमी पडलं की पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या फार कच्च्या असतात. त्या फाटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. तोवर ना दुखतं, ना लाल होतं. म्हणून टाइप २ मधुमेह निघाला की लगेच पडदा तपासून घ्यायचा, कारण साखर आधी किती वर्षं वाढलेली होती हे सांगता येत नाही. त्यानंतर वर्षातून एकदा, डॉक्टरांनी सांगितलं तर लवकर. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवावं. गरोदरपणाच्या काळात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

ही तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालून होते. बाहुली पसरायला अर्धा तास लागतो आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. त्या दिवशी स्कूटर घेऊन जाऊ नका. कदंबाच्या बसने जा किंवा कोणाला तरी बरोबर घ्या, आणि गॉगल ठेवा. एवढ्या गैरसोयीपोटी तपासणी पुढे ढकलणारे बरेच भेटतात, त्याचं वाईट वाटतं.

पडद्याच्या मध्यभागी सूज आली असेल तर ओसीटी नावाचं स्कॅन करतात. त्यात पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात. डोळ्याला काही टोचत नाही. उपचार बहुतेकदा इंजेक्शनचा, काहींना लेझरचा. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर लोक घाबरतात. प्रत्यक्षात डोळा आधी थेंबांनी बधिर करतात, सुई अतिशय बारीक असते, आणि टोचायला काही सेकंद लागतात. सुरुवातीला ती दर महिन्याला घ्यावी लागतात. दोन घेतल्यावर बरं दिसायला लागलं म्हणून तिसरं चुकवू नका. इंजेक्शननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी परत जा.

काचबिंदू

मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही; उरलेली राखणं एवढंच हातात असतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते आणि आधी बाजूचं दिसणं कमी होतं. समोरचं स्पष्ट असल्यामुळे माणूस गाफील राहतो. डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) असावं असं मानतात, पण त्या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेले लोक आहेत. म्हणून नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, नस पाहावी लागते आणि बाजूचं किती दिसतं ते मोजणारी फिल्ड टेस्ट करावी लागते. आई-वडील किंवा भावंडांत कोणाला असेल, तर चाळिशीची वाट न पाहता तपासून घ्या.

आता थेंबांबद्दल. डोळे खाजतात, लाल होतात म्हणून फार्मसीतून थेंब आणायचे आणि बरं वाटलं की तीच बाटली महिनोन् महिने वापरायची, ही सवय आम्हाला सर्वांत धोक्याची वाटते. यातल्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली लगेच जाते, पण आत प्रेशर चढू शकतं. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांच्या आयांनी हे नक्की वाचावं. स्टेरॉइड औषध म्हणून उत्तम आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि त्यांनी सांगितले तितकेच दिवस.

काचबिंदूचे थेंब मात्र बहुधा आयुष्यभर घालावे लागतात. एक थेंब पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून ठेवा, म्हणजे औषध घशात न जाता डोळ्यात राहतं. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटं थांबून घाला. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत.

शेत, भाट, कुळागर

पावसाळ्यात रान कापायच्या मशीनने खडा उडतो, भाताचं पातं किंवा माडाच्या झावळीची हीर डोळ्याला लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर ती जखम पिकलेली असते. आपल्या दमट हवेत तिथे बुरशीही धरते, आणि त्यावर स्टेरॉइडचा थेंब पडला तर ती पसरते. मध, आईचं दूध, गुलाबपाणी यांतलं काहीही घालू नका. काम करताना प्लास्टिकचा साधा संरक्षक चष्मा लावा. चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलं, तर आधी अर्धा तास नळाच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून धुवा आणि मग निघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती घालून समुद्रात, नदीत, तळ्यात पोहू नये, आणि नळाच्या पाण्याने धुऊही नये.

लगेच निघण्याची वेळ

डोळ्यासमोर अचानक विजेसारखे झोत, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर डोळ्याचा पडदा सुटत असू शकतो. जाड मायनस नंबरवाल्यांना आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना हा धोका जास्त. एका डोळ्याची नजर न दुखता एकदम गेली, तर हातात काही तासच असतात. डोळा प्रचंड दुखतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, हा काचबिंदूचा झटका असू शकतो. पित्त समजून घरी थांबू नका.

दोन डोळे एकमेकांची उणीव झाकतात. म्हणून आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. सरळ रेषा वाकडी दिसली किंवा मधला आकडा पुसला गेला, तर त्याच आठवड्यात दाखवा.

रात्र असो की रविवार, आमचं दुकान उघडण्याची वाट पाहू नका. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जाताना चालू थेंबांच्या बाटल्या, शेवटचा साखरेचा रिपोर्ट आणि जुना चष्मा घ्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही घ्या आणि तुमचा उपचार त्यात बसतो का ते तिथेच विचारा. आमच्याकडची तुमची जुनी नंबरची चिठ्ठी हरवली असेल तर सांगा, नोंदवहीतून पाहून लगेच दुसरी लिहून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.