चॉकलेटातल्या बदामाचा हिशेब

दिवाळी जवळ आली की पुण्यात घरगुती चॉकलेटांचा धंदा जोरात येतो. रविवार पेठेतून साचे, चकचकीत कागद आणि कम्पाउंडच्या (म्हणजे स्वस्त, चॉकलेटसारख्या मिश्रणाच्या) लाद्या आणायच्या, आत कॅरॅमल आणि एक भाजलेला बदाम. विकताना वाक्य ठरलेलं: "बदाम आहे ना आत, पौष्टिकच!"

बदाम पौष्टिक आहे, यात वाद नाही. उलट वेष्टनावर छापतात तेवढ्या कॅलरी तो देतही नाही. छापील आकडे येतात ते ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या शंभरहून जास्त वर्षं जुन्या सरासरीवरून: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थ 9. त्या हिशेबाने 28 ग्रॅम बदामांत 170च्या आसपास कॅलरी भरतात. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी लोकांना बदाम खाऊ घातले, मलमूत्रातून किती ऊर्जा बाहेर पडते ते मोजलं आणि 2012 साली आकडा दिला: 129.

बाकीच्या गेल्या कुठे? बदामातलं तेल सुटं नसतं. सूक्ष्म थेंबांच्या रूपात ते एकेका पेशीत कोंडलेलं असतं, आणि पेशीभित्तिका सेल्युलोज-पेक्टिनची. ती पचवणारं विकर आपल्याकडे नाही. दातांनी तुकडा मोडतो तेव्हा फक्त मोडलेल्या कडेवरच्या पेशी फुटतात. आतल्या पेशींतल्या तेलापर्यंत लायपेज, म्हणजे तेल पचवणारं विकर, पोचतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडं काम करतात, उरलेलं तेल सकाळी बाहेर. बदाम भाजला की ठिसूळ होतो, बारीक तुकडे पडतात, जास्त पेशी उघडतात आणि ही सूट घटते. बदामाचं बटर केलं तर सूट जवळपास शून्य.

आता चॉकलेटकडे या. 15 ग्रॅमचं धरू. बदाम सव्वा ग्रॅमचा, कॅलरी सात. सूट फार तर दीड कॅलरीची! कॅरॅमल आणि वरच्या थराला पेशीभित्तिका कुठली? ते सगळं अंगी लागतं. निम्मी साखर धरली तरी सात ग्रॅम. मोकळी (पदार्थात वरून घातलेली) साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तीन चॉकलेटांत 21 झाली, चहा वेगळाच. कॅरॅमल गुळाचं केलं तरी गणित तेच, गूळही मोकळ्या साखरेतच मोजतात. (बदामाने बुद्धी तल्लख होते म्हणणाऱ्यांशी मी दिवाळीत वाद घालत नाही.)

कोको बटरमधलं, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीतलं, स्टिअरिक आम्ल कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही, हा चॉकलेटप्रेमींचा लाडका मुद्दा. पण कम्पाउंडमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. लादीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं.