पाइपच्या तंबाखूतील साखर, धूर आणि दाब

पाइपमध्ये भरल्या जाणाऱ्या तंबाखूची चव शेतात जितकी ठरते, त्याहून अधिक ती पान तोडल्यानंतर ठरते. तोडलेले पान लगेच मरत नाही. त्याच्या पेशींचे श्वसन चालूच असते, विकरे त्यातील स्टार्चची साखर करतात आणि पान आणखी काही आठवडे जिवंत राहिले, तर ती साखरही खर्ची पडते. मिश्रण करणाऱ्या कारागिराला म्हणूनच हे श्वसन केव्हा थांबवले गेले, याचे भान ठेवावे लागते.

व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठारात उष्णता देऊन काही दिवसांतच वाळवतात. साखर तयार होते, पण संपण्याआधी पान कोरडे पडते, त्यामुळे ते पिवळे आणि गोडसर राहते. या पद्धतीचे श्रेय 1839 साली उत्तर कॅरोलायनातील स्टीफन या गुलामाला दिले जाते. विझत आलेल्या आगीत त्याने कोळसा टाकला आणि वाढलेल्या आचेने पाने पिवळीधमक झाली. नफा अर्थातच मालकाच्या पदरात पडला. बर्ले जातीचे पान याउलट हवेशीर कोठारात कित्येक आठवडे टांगलेले असते, म्हणून त्यात साखर जवळजवळ उरत नाही.

या फरकाचा परिणाम धुरावर होतो. साखर जळताना आम्ले तयार होतात, त्यामुळे व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी, तर बर्लेचा अल्कधर्मीपणाकडे झुकणारा असतो. अल्कधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सहज शोषले जाते. धूर छातीत न ओढणाऱ्यालाही तलफ लागते ती यामुळेच. तोंडाचा, घशाचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो.

सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे अमेरिकेतील लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातील पेरीक. अर्धवट वाळलेल्या पानांच्या शिरा काढून, त्यांच्या ओलसर जुड्या व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत ठासतात आणि वरून स्क्रू-जॅकने दाब देतात. लोणच्याला खार सुटावा तसा पानांचा रस वर येतो, हवा आत शिरत नाही आणि त्या रसात यीस्ट व जिवाणू किण्वन घडवतात. अधूनमधून पिंप उघडून, जुड्या सोडवून त्यांना हवा दाखवतात आणि पुन्हा दाबतात. हे काम सुमारे वर्षभर चालते. शेवटी हाती येणारे पान काळेभोर असते आणि त्याला अंजीर, मनुका व व्हिनेगर यांचा एकत्रित वास येतो. ते इतके उग्र असते की गोड व्हर्जिनियात त्याचा थोडासाच अंश मिसळतात.

लाटाकियाचा मार्ग निराळा आहे. मूळचा सीरियाचा आणि आता मुख्यतः सायप्रसमध्ये होणारा हा तंबाखू लाकडाच्या धुरावर धरतात. धुरातील ग्वायाकॉल आणि क्रेसॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे पानात मुरतात. त्यामुळे डबा उघडताच, काडी ओढण्याआधीच, शेकोटीचा वास दरवळतो.