खुर्चीतून उठताना हात टेकू नका

खांद्याचा सांधा बदललेल्या माणसासाठी पहिले दीड-दोन महिने सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे घरातली खुर्ची. उठताना आपण नकळत तळवा टेकतो, अंगाचा भार खांद्यावर येतो आणि त्या एका झटक्यात आतली शिलाई उसवू शकते.

शिलाई कसली? सर्जन सांध्यापर्यंत बहुधा पुढच्या बाजूने पोहोचतात. वाटेत सबस्कॅप्युलॅरिस नावाचा स्नायू आडवा येतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेत तो बहुतेकदा दंडाच्या हाडापासून सोडवतात आणि धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी बसवून झाली की पुन्हा शिवतात. धातू-प्लॅस्टिक पहिल्या दिवसापासून जागेवर असतं, पण शिवलेला स्नायू हाडाला धरायला कित्येक आठवडे लागतात. दुखणं मात्र त्याआधीच ओसरायला लागतं. वर्षानुवर्षं त्या कुशीवर झोपू न शकलेल्या माणसाला महिनाभरात हात हलका वाटतो, मग तो स्लिंग काढून पाण्याची बादली उचलतो. घात होतो तो इथे.

म्हणून साधारण चार ते सहा आठवडे स्लिंग, त्या काळात फिजिओ सांगेल तेवढीच हालचाल, मग स्वतःच्या ताकदीने हात उचलणं आणि वजनाचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. चालायला मात्र पहिल्या आठवड्यापासून हरकत नसते, आणि ते चुकवू नये.

खेळाकडे परतायला बऱ्याच जणांना सहा महिने लागतात. पोहणाऱ्यांनी ब्रेस्टस्ट्रोकपासून सुरुवात करावी. फ्रीस्टाइलमध्ये हात डोक्यावरून फिरतो, त्याला आणखी वेळ द्यावा. बॅडमिंटनमध्ये डबल्स खेळा, स्मॅशचा मोह आवरा. कबड्डी आणि जिममधला जड बेंच प्रेस मात्र सोडलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. याचं कारण त्या प्लॅस्टिकच्या वाटीत आहे. तिच्या एकाच कडेवर पुन्हा पुन्हा दाब आला की समोरची कड उचलली जाते. लहान मुलांच्या डुलत्या घोड्यासारखी ती हलत राहते आणि हळूहळू हाडातली पकड सैल होते. सूर्यनमस्कारातही शरीराचा भार तळव्यांवर येतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. बरीच वर्षं नेमाने सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना तो नेम मोडवत नाही, हे मी समजू शकते; त्यांनी सर्जनची परवानगी मिळाल्यावर आधी भिंतीला हात टेकून सुरुवात करावी.

'रिव्हर्स' प्रकारचा सांधा असेल तर सांभाळायच्या गोष्टी बदलतात. फ्रान्समधले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी 1980 च्या दशकात रूढ केलेल्या या रचनेत गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडावर बसते. खांद्याच्या आतले स्नायू फाटलेले असले तरी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलू शकतो. मात्र पहिले तीन महिने हात पाठीमागे नेणं धोक्याचं. पाठीमागे शर्ट खोचणं, ब्लाउजचे मागचे हुक लावणं, शौचाच्या वेळी मागे हात नेणं, यांत सांधा निखळू शकतो. ही कामं दुसऱ्या हाताने करायची सवय शस्त्रक्रियेच्या आधीच लावून घ्यावी.

आणि आपला खेळ कोणता, हेही सर्जनना आधीच सांगावं. 'मला व्यायाम करायचाय' असं मोघम नको. 'मी आठवड्यातून तीनदा पोहते', 'मला फळीवरचे डबे काढता यायला हवेत', असं नेमकं सांगितलं तर उत्तरही नेमकं मिळतं.