तिसरी नदीतली खरी, पण तुमच्या फिश टँकमधली नव्हे

तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांच्या, वाट्यातल्या तीन-चार जिवंत बघून बाजूला काढायच्या आणि घरच्या फिश टँकमध्ये सोडायच्या, हा उद्योग गोव्यात कुणी ना कुणी सतत करत असतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “मांडवीतल्याच ना त्या? मग गोड्या पाण्यातल्याच की!” पुढे काही दिवसांत टँकचं पाणी दुधट होतं, झाकण उघडलं की घाण वास येतो, गप्पी वर येऊन तोंडं मारू लागतात, आणि खापर फुटतं फिल्टरवर.

तिसरीबद्दल गोवेकराला मी नव्याने काय सांगणार? तिचं सुकं कसं करायचं, कापायच्या आधी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की आदोळीवर (विळीवर) कशी सहज उघडते, हे घरोघरी ठाऊक आहे. शास्त्रातलं नाव बहुतेक वेळा मेरेट्रिक्स कास्टा. त्याच वाट्यात कधी कधी पॅफिया मलबारिका ही बारीक रेषांची जातही येते. तिसरीची इतकी ओळख पुरे.

टँकमध्ये ठेवतात तो शिंपला वेगळा. आपल्याकडे तो दोन रूपांत दिसतो. एक लॅमेलिडेन्स: लांबट, काळपट-तपकिरी, तळहाताएवढाही होतो. भारतभर तळ्यांत आणि संथ वाहणाऱ्या नद्यांत राहतो, गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीतही हाच वापरतात. दुसरा कॉर्बिक्युला: छोटा, पिवळसर, गोलसर त्रिकोणी, दुकानात ‘गोल्डन क्लॅम’ म्हणून विकला जाणारा.

दिसण्यावरून ओळखायचं तर लॅमेलिडेन्सचं कवच आतून मोत्यासारखं चमकतं आणि तिसरीचं आतून चिनी मातीच्या बशीसारखं पांढरं असतं. शिनाण्यांना (मसल्सना) धाग्यांचा झुपका असतो, ज्याने ते खडकाला धरून राहतात. वाढलेल्या लॅमेलिडेन्सला तसले धागे नसतात. कॉर्बिक्युला मात्र आतून चमकत नाही आणि आकाराने थेट तिसरीची धाकटी बहीण वाटतो, म्हणून कवच बघून निकाल लावायच्या भानगडीत पडू नका. तो प्राणी कुठल्या पाण्यातून आला, एवढं विचारा.

आणि घोळ नेमका तिथेच होतो. “नदीतून” हे उत्तर पुरेसं नाही. मांडवीत भरती-सुकतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांज्यापर्यंत पोचतो. खारटपणा तितका आत जात नाही, पण मे महिन्यात पणजीच्या धक्क्याजवळचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. ओपाहून किंवा साळावलीहून तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात ते ग्रॅमच्या लहानशा अंशाइतकं. दोन्ही पाणी ‘नदीचं’च, पण तिसरी पहिल्या पाण्यातली.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बाबतीत हा गोंधळ आणखी पक्का होतो. “तिथे भात पिकतं, म्हणजे पाणी गोडंच असणार,” असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. खाजनात पिढ्यान्‌पिढ्या कोरगूट पेरत आले ते खारटपणा सोसणारं भात म्हणूनच. मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं भरती-सुकतीबरोबर पाणी आत-बाहेर करतात आणि आतल्या पोयीत (तळ्यात) जे साचतं ते मचूळच असतं. तिथले शिंपले टँकमध्ये आणणं म्हणजे तिसरीच आणण्यासारखं.

आता हे मीठ एवढं का नडतं? समुद्रातल्या आणि खाडीतल्या शिंपल्यांना रक्तातलं मीठ एका पातळीवर राखता येत नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारं, तेवढंच त्यांचं रक्त खारं. बाहेर खारटपणा उतरला की आत पाणी घुसतं आणि पेशी फुगू लागतात. तेव्हा पेशी आपल्यातली अमिनो आम्लं कमी करून तोल सांभाळतात. तिसरी यात पटाईत आहे, खाडीत राहायचं तर तेवढं यायलाच हवं. पण या युक्तीलाही तळ असतो आणि नळाचं पाणी त्या तळाच्या कितीतरी खाली आहे.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा संसार उलटा. त्याचं रक्त सगळ्या प्राण्यांत अतिशय पातळ, मिठाचा अंश नावापुरता. तरीही तो अंश बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्तच, त्यामुळे पाणी अंगात सतत झिरपत राहतं. त्याची मूत्रपिंडं ते पाणी अखंड बाहेर टाकतात आणि शरीर पाण्यातला सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम कणाकणाने ओढून घेत राहतं. ही यंत्रणा तिसरीकडे नाहीच. म्हणून “रोज एक तांब्या गोडं पाणी मिसळत जा, हळूहळू सवय होते” हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. नसलेल्या यंत्रणेला सवय कशी लागणार?

मग लोक म्हणतात, “पण आमची तर आठवडाभर जिवंत होती!” होती, कारण तिने दार बंद करून घेतलं होतं. सगळा गैरसमज या बंद दारावर उभा आहे, म्हणून जरा थांबून बघू.

पावसाळ्यात मांडवी लाल होऊन वाहू लागते तेव्हा तिसरी हेच करते. वरून पुराचं गोडं पाणी धावत असतं. खारं पाणी जड, ते भरतीबरोबर तळाशी सरकत आत येतं. तिसरी तळाच्या वाळूत बसलेली. खारं पाणी अंगावर आलं की शिंपली उघडते, श्वास घेते, खाते. सुकतीला गोडं पाणी तळापर्यंत उतरलं की पुन्हा गच्च मिटते. मिटलेल्या अवस्थेत ती प्राणवायूशिवाय कशीबशी चालवून नेते. त्यात आम्ल साचतं आणि ते मारायला स्वतःच्याच कवचातला चुना विरघळवून वापरते. हा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा उपास आहे. पूर लांबला तर नदीतसुद्धा तिसऱ्या मरतात.

तुमच्या टँकमध्ये भरती येतच नाही. ती मिटून वाट बघते आणि तुम्ही म्हणता, “बघा, किती शांत बसलीय.” शिंपली मिटून ठेवायला तिला स्नायूचा जोर लावावा लागतो, उघडायला काहीच करावं लागत नाही, कारण बिजागरीच तिला उघडी ढकलत असते. त्यामुळे जोर संपला की ती आपोआप उघडते आणि नेमकं तेव्हाच घरात आनंद होतो की तिसरी रुळली! बोटाने किंवा काडीने हलकेच टोचा. मिटली नाही तर त्याच क्षणी बाहेर काढा. तेवढ्या मांसातून सुटणारा अमोनिया लहान टँकमधले मासे एका रात्रीत मारू शकतो.

पाण्याबद्दल शंका असेल तर प्युरिफायर दुरुस्तीवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) पाण्यात बुडवा. जिथून शिंपला आणला तिथलं पाणी हजारांत आकडा दाखवत असेल तर विषय संपला. आणि टँकमध्ये “थोडंसं मीठ टाकून” दोघांनाही खूश करायला जाऊ नका. तिसरीला ते पुरत नाही आणि लॅमेलिडेन्सला ते सोसत नाही. तिसरी पाळायचीच असेल तर समुद्री टँक हवा, त्यासाठी मिळणारं खास मीठ हवं (स्वयंपाकघरातल्या मिठात हवा तेवढा कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतो), आणि रोज तरंगतं सूक्ष्म शेवाळ खायला घालायची तयारी हवी. माझं स्पष्ट मत: तिसरीची जागा कढईत.

जाता जाता, तो चपटा, अर्धपारदर्शक शिंपला, जो जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावत. चिखलीच्या खाडीत तो सापडतो आणि हौशी मंडळी टँकच्या सजावटीसाठी उचलून आणतात. तोही खाऱ्या पाण्यातला आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. हात लावू नका.

बाकीचे फरक किरकोळ. लॅमेलिडेन्सच्या पिल्लांना काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढावा लागतो, कॉर्बिक्युलाच्या पिल्लांना ती गरज नसते, तिसरीची पिल्लं खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात. यातलं काहीही घरच्या टँकमध्ये तुमच्या कामी येण्याची शक्यता कमी.

एका गोष्टीत मात्र दोघी सारख्या आहेत आणि तिचा विसर पडल्यामुळे योग्य शिंपला आणूनही लोक त्याला मारतात. तिसरी काय, लॅमेलिडेन्स काय, दोघीही पाण्यात तरंगणारे कण गाळून खातात. काचेवरचं शेवाळ खरवडणं हे गोगलगायीचं काम. दुकानात “हा टँक साफ ठेवतो” म्हणून विकतात ते अर्धसत्य आहे. हिरवट पाणी तो निवळ करतो, पण स्वतः अमोनिया सोडतोच, आणि नायट्रेट त्याच्यामुळे कमी होत नाही. जोरदार फिल्टर लावलेल्या लख्ख टँकमध्ये तो उपाशी राहतो, तेही महिनोन्‌महिने, साठवलेल्या चरबी-साखरेवर, कुणाला पत्ता न लागता. म्हणून नव्या, चकचकीत टँकमध्ये शिंपला ठेवूच नये असं माझं म्हणणं आहे. जुना, मुरलेला, थोडा मळकट टँक बघा. गॅलरीत उन्हात बाटली ठेवून हिरवं पाणी तयार करा आणि ते ड्रॉपरने शिंपल्याच्या तोंडाशी सोडा. स्पिरुलिनाची पूडही पाण्यात कालवून चालते.

तळाला बारीक वाळू हवी, लॅमेलिडेन्सला अर्धंअधिक अंग रोवता येईल इतकी. टोकदार खडी नको. गोव्याच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, त्यात कवचाचा बिजागरीजवळचा भाग झिजून पांढरा पडतो. त्यावर फुकटचा उपाय घरातच आहे: जेवणानंतर उरलेली तिसऱ्यांची कवचं घासून, उकळून, ठेचून जाळीच्या पिशवीत घाला आणि फिल्टरमध्ये ठेवा. चुना हळूहळू पाण्यात उतरतो.

शिंपला कुठे रुतलाय ते रोज बघा. वाळूत दडून मेलेला लक्षात यायला उशीर होतो, म्हणून शिगम्याला गावी जायचं तर टँक दाखवून शेजाऱ्याला नुसतं “खाणं घाल” सांगू नका, शिंपल्याची जागाही दाखवा.

आणि माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की आपण सवयीने मुठीने मीठ टाकतो किंवा दुकानातून निळं औषध आणतो. त्या औषधांपैकी काहींत तांबं असतं, आणि तांबं शिंपल्यांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतं. औषधाची बाटली उघडण्याआधी शिंपला एअर पंप लावलेल्या बादलीत, टँकमधल्याच पाण्यात काढून ठेवा, आणि औषध संपल्यावर निम्म्याहून जास्त पाणी एकाहून अधिक वेळा बदलून, कार्बनमधून गाळूनच त्याला परत सोडा.