युनिटटेस्ट (पायथन) : चाचणी-चौकटीत नव्या सोयींची भर

युनिटटेस्ट म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिण्याची आणि चालवण्याची चौकट. पायथन बसवले की ती सोबतच येते, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. ही तिची मोठी सोय आहे आणि तिच्यात काही नवे घालणे अवघड होण्याचे कारणही तेच आहे. स्टँडर्ड लायब्ररीत (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) एकदा शिरलेली मेथड (वर्गातले फंक्शन) असंख्य प्रकल्पांच्या चाचण्यांत वापरली जाते, आणि ती चुकीची ठरली तरी लगेच काढता येत नाही. पायथन ३.१ मध्ये (२००९) कालबाह्य ठरवलेली फेलअनलेस आणि ३.२ मध्ये (२०११) कालबाह्य ठरवलेली असर्टइक्वल्स ही टोपणनावे प्रत्यक्षात काढली गेली ती ३.१२ मध्ये, म्हणजे २०२३ साली. मधली बारा-चौदा वर्षे ती इशारा देत का होईना, चालतच होती.

वंशावळ

या घराण्याचे मूळ केंट बेक यांच्या एसयुनिटमध्ये आहे. ती स्मॉलटॉक भाषेसाठी होती. पुढे बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहिली आणि तिच्या धर्तीवर स्टीव्ह पर्सेल यांनी पायथनसाठी पायुनिट केली. एप्रिल २००१ मध्ये आलेल्या पायथन २.१ सोबत ती युनिटटेस्ट या नावाने स्टँडर्ड लायब्ररीत दाखल झाली. जावाची खूण तिच्यावर आजही दिसते. पायथनच्या लेखनसंकेतांनुसार मेथडचे नाव छोट्या अक्षरांत आणि अंडरस्कोरने तोडून लिहितात, पण इथे सेटअप, टिअरडाउन, असर्टइक्वल ही नावे जोडून आणि मधले अक्षर मोठे ठेवून लिहिली जातात. नवी मेथड घालतानाही याच पद्धतीने नाव द्यावे लागते. अर्ध्या मेथडी एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीच्या झाल्या, तर वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी कागदपत्रे उघडावी लागतील.

सर्वांत मोठी भर ३.१, २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांच्या काळात पडली आणि तिच्यात पायथनचे एक विकसक मायकेल फोर्ड यांचा वाटा मोठा होता. चाचणी वगळणे, अपेक्षित अपयश, चाचण्या आपोआप शोधणे, वर्ग आणि मॉड्यूल पातळीवरची तयारी, ॲडक्लीनअप आणि असर्टइनसारखे डझनभर असर्ट (अपेक्षा खरी ठरली का हे तपासणाऱ्या मेथडी) याच काळातले. जुन्या पायथनवर अडकलेल्यांसाठी हीच भर युनिटटेस्ट२ या वेगळ्या पॅकेजमधूनही मिळत असे.

कोणाचे कोणाशी काय ठरले आहे

चौकटीचे पाच भाग आहेत. टेस्टकेसमध्ये चाचणी लिहिलेली असते. टेस्टसूट चाचण्यांची मोळी बांधते. टेस्टलोडर फाइलींतून चाचण्या गोळा करतो. टेस्टरनर त्या चालवतो, आणि टेस्टरिझल्ट काय झाले याची नोंद ठेवतो. भर घालणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावे ते टेस्टकेस आणि टेस्टरिझल्ट यांचे नाते. चाचणी सुरू झाली की टेस्टकेस निकालाच्या वस्तूवर, म्हणजे टेस्टरिझल्टवर, स्टार्टटेस्ट बोलावते. मग काय घडले त्यानुसार ॲडसक्सेस, ॲडफेल्युअर, ॲडएरर किंवा ॲडस्किप यांपैकी एक, आणि शेवटी स्टॉपटेस्ट.

अडचण अशी की निकालाचा वर्ग नेहमी पायथनचाच असतो असे नाही. एडिटर, सीआय सर्व्हर (कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणारा), एक्सएमएल अहवाल काढणारी साधने, सगळ्यांनी आपापले वर्ग लिहिलेले असतात आणि त्यांतले काही वर्षानुवर्षे कोणी उघडूनही पाहिलेले नसतात. नव्या सोयीसाठी निकालवर्गात नवी मेथड लागणार असेल, तर ती नसलेल्या जुन्या वर्गाचे काय होईल हे त्याच पॅचमध्ये (बदलाच्या कोडमध्ये) ठरवावे लागते. ही पायरी राहून गेली की पायथनची आवृत्ती बदलताच लोकांच्या चाचण्या चालायच्या थांबतात, आणि बिघाड त्यांच्या कोडमध्ये नसल्याने कारण शोधण्यात दिवस जातो.

आतापर्यंतच्या भरींनी हे कसे सोडवले ते पाहण्यासारखे आहे. वगळण्याची सोय आली तेव्हा ॲडस्किप नसलेल्या निकालवर्गासाठी असे ठरले की रनटाइम इशारा द्यायचा आणि चाचणी यशस्वी म्हणून नोंदवायची. अपेक्षित अपयशाची चाचणी अनपेक्षितपणे पास झाली आणि निकालवर्गाला तो प्रकार ठाऊकच नसेल, तर मात्र ते अपयश म्हणून नोंदवले जाते, कारण तिथे यश दाखवणे म्हणजे खरी माहिती दडवणे. ३.१२ मध्ये प्रत्येक चाचणीला लागलेला वेळ नोंदवणारी ॲडड्युरेशन आली. ती नसेल तर केवळ इशारा येतो आणि चाचणी पुढे जाते. ३.४ मधल्या सबटेस्टची (एकाच चाचणीतल्या छोट्या तपासण्यांची अपयशे वेगवेगळी नोंदवणाऱ्या सोयीची) तऱ्हा निराळी. निकालवर्गात ॲडसबटेस्ट नसेल, तर आतला कोड सबटेस्ट नसल्यासारखा सरळ चालतो. चारही ठिकाणी उत्तर वेगळे आहे आणि तसेच असायला हवे, कारण प्रत्येक ठिकाणी चूक लपण्याचा धोका वेगळा आहे.

सबटेस्ट जवळून पाहता

एकाच चाचणीत लूप लावून ० ते ५ हे आकडे सम आहेत का हे तपासले, तर साध्या चाचणीत १ वर पहिले अपयश येते आणि लूप तिथेच संपतो. ३ आणि ५ सुद्धा चुकणार आहेत हे कळत नाही. लूपचा आतला भाग विथ सबटेस्टमध्ये ठेवला की तिन्ही अपयशे वेगवेगळी छापली जातात आणि प्रत्येकासोबत चलाची किंमतही दिसते. पण चाललेल्या चाचण्यांची संख्या एकच राहते. ‘चाचण्या १, अपयशे ३’ असा निकाल पाहून अनेकांना काहीतरी बिघडले असे वाटते. ते बरोबरच आहे, कारण मेथड एकच चालली. एकूण चाचण्यांतून अपयशे वजा करून ‘पास’ किती ते काढणारी साधने इथे चुकतात आणि ऋण आकडा दाखवू शकतात. आपला निकालवर्ग लिहिताना ही वजाबाकी करू नये, यशाची नोंद स्वतंत्र ठेवावी.

क्लीनअप का लागले

सेटअपमध्ये अपवाद आला तर टिअरडाउन चालतच नाही. सेटअपने आधी तात्पुरता फोल्डर बनवला, मग डेटाबेसशी जोडणी केली आणि जोडणी फसली, तर फोल्डर तसाच मागे राहतो. ॲडक्लीनअप हे नेमके सोडवते. वस्तू हातात आली की लगेच पुढच्याच ओळीत तिची आवराआवर नोंदवायची, मग पुढे काहीही फसले तरी नोंदलेल्या सगळ्या आवराआवरी उलट्या क्रमाने, शेवटची आधी, चालतात. वर्ग आणि मॉड्यूल यांसाठी हीच सोय ३.८ मध्ये आली. ३.११ मधली एंटरकॉन्टेक्स्ट विथ-विधानात (काम संपताच वस्तू आपोआप बंद करणाऱ्या रचनेत) चालणारी कोणतीही वस्तू उघडते आणि तिची आवराआवरही नोंदवून टाकते. चौकटीला हात न लावता आपल्या प्रकल्पात तयारी वाढवायची असेल, तर टिअरडाउन ओव्हरराइड करण्याऐवजी (आपल्या वर्गात नव्याने लिहिण्याऐवजी) हाच मार्ग धरावा. ओव्हरराइड करताना सुपर (मूळ वर्गाची तीच मेथड) बोलवायचे राहून गेले की मूळ वर्गाची आवराआवर मुकाट्याने बंद पडते.

स्वतःचे असर्ट लिहिणे

बहुतेकांना प्रत्यक्षात लागते ती हीच भर, आणि तिच्यासाठी पायथन बदलण्याची गरज नसते. बिलाच्या रकमा तपासायच्या आहेत असे धरू. असर्टऑलमोस्टइक्वल दोन किमतींतला फरक ठरावीक दशांश स्थळांपर्यंत, न सांगितल्यास ७ स्थळांपर्यंत, राउंड करते आणि तो शून्य आहे का पाहते. स्थळे २ दिली तर ९९.९९६ आणि १०० यांतला ०.००४ हा फरक शून्य ठरतो. म्हणजे बिलाच्या कोडमध्ये पैशांपर्यंत राउंड करायचे राहून गेले तरी चाचणी पास होते. तेव्हा ‘दोन्ही किमती डेसिमल (पायथनचा अचूक दशांश संख्येचा प्रकार) आहेत, दोनपेक्षा जास्त दशांश स्थळे नाहीत आणि त्या तंतोतंत समान आहेत’ असे तपासणारे असर्टरक्कम हवे.

ते एका मिक्सिन वर्गात (इतर वर्गांत मिसळण्यासाठी लिहिलेल्या वर्गात) लिहावे आणि टेस्टकेससोबत जोडावे. पहिले दोन आर्ग्युमेंट तुलनेच्या किमती, तिसरा ऐच्छिक एमएसजी, हा क्रम मोडू नये. तपासणी फसली तर आपला संदेश आणि चाचणी लिहिणाऱ्याने दिलेला संदेश फॉरमॅटमेसेज या मेथडने जोडावेत आणि सेल्फ-फेलने अपयश जाहीर करावे. फॉरमॅटमेसेजच्या नावाआधी अंडरस्कोर आहे, म्हणजे ती अंतर्गत मानली जाते, तरी दोन्ही संदेश एकत्र दाखवण्याचे काम तीच करते.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, सेल्फ-फेलऐवजी भाषेचे साधे असर्ट विधान वापरणे. पायथन मोठ्या ओ-पर्यायासह चालवला की ती विधाने गळून पडतात आणि काहीच तपासले जात नाही. दुसरी, व्हॅल्यूएररसारखा अपवाद फेकणे. मग निकालात अपयशाच्या एफऐवजी एररचा ई येतो आणि वाचणारा कोड कोसळला असे समजतो. तिसरी, संदेश आधी बनवून मग तुलना करणे. मोठ्या यादीचा फरक शोधायला वेळ लागतो आणि पास होणाऱ्या प्रत्येक चाचणीवर तो भुर्दंड बसतो. खुद्द युनिटटेस्टही दोन मजकुरांपैकी एखादा ६५,५३६ अक्षरांपेक्षा मोठा असेल तर ओळीनिहाय फरक काढत बसत नाही, आणि फरक ६४० अक्षरांपेक्षा लांब असेल तर मॅक्सडिफमुळे तो छापतच नाही. तो पाहायचा असेल तर मॅक्सडिफला नन (पायथनमधले ‘काहीच नाही’) द्यावे.

अपयशाच्या ट्रेसबॅकमध्ये (चूक कोणत्या ओळींतून आली त्या यादीत) आपल्या मदतनीस मेथडच्या ओळी नको असतील, तर त्या मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवर ‘युनिटटेस्ट’ नावाचे, आधी दोन अंडरस्कोर असलेले चल ट्रू करून ठेवावे. मग ट्रेसबॅक चाचणीच्या ओळीवरच थांबतो. ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते, पण रोजच्या कामात तिचा फार उपयोग होतो.

एखाद्या प्रकाराची तुलना असर्टइक्वलमध्येच बसवायची असेल, तर ॲडटाइपइक्वॅलिटीफंकने ती नोंदवता येते. मात्र ती दोन्ही वस्तू अगदी त्याच प्रकारच्या असतील तेव्हाच लागू होते, उपवर्गाला लागू होत नाही. ‘माझे फंक्शन बोलावलेच जात नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच निघते.

न चालता पास होणारी चाचणी

चौकटीतला सर्वांत वाईट दोष म्हणजे काहीही न तपासता हिरवा निकाल देणे, आणि अलीकडच्या बऱ्याच भरी त्याच्याविरुद्ध आहेत. साध्या टेस्टकेसमध्ये असिंक मेथड (मध्ये थांबून इतर कामांना वाट देणारी) लिहिली तर ती बोलावल्यावर फक्त कोरुटीन (अजून सुरूच न झालेले काम) परत मिळते. आतले काहीच चालत नाही, तरी चाचणी पास होते. ३.८ मधल्या आयसोलेटेडअसिंकआयओटेस्टकेसने अशा चाचण्यांना प्रत्येकी वेगळा इव्हेंट लूप (अशी कामे चालवणारी यंत्रणा) दिला, आणि ३.११ पासून चाचणीने नन सोडून दुसरे काही परत दिले तर इशारा येतो. मॉकमध्येही (चाचणीत खऱ्या वस्तूच्या जागी ठेवलेल्या नकली वस्तूतही) असेच होते. मॉक कोणतेही नाव मागितले की ते तयार करून देतो, त्यामुळे असर्टने सुरू होणाऱ्या मेथडचे नाव चुकवले तरी तक्रार होत नसे. ३.५ पासून असर्टने सुरू होणाऱ्या अनोळखी नावांवर ॲट्रिब्यूटएरर येतो.

चाचण्या शोधताना फाइलचे नाव टेस्टने सुरू होत नसेल, किंवा उपफोल्डरमध्ये इनिट फाइल नसेल, तर तो भाग गाळला जातो. पूर्वी शून्य चाचण्या चालून ‘ओके’ छापले जाई आणि सीआय पुढे जाई. ३.१२ पासून एकही चाचणी न चालल्यास एक्झिट कोड ५ (शून्य नसलेला, म्हणजे अपयशाचा) मिळतो.

मूळ पायथनमध्ये भर

आधी गिटहबवर इश्यू उघडून चर्चा करावी. ‘हे मिक्सिनमध्ये का भागत नाही’ हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि त्याचे उत्तर तयार हवे. बदल लिब फोल्डरातल्या युनिटटेस्टमध्ये होतो, बहुधा केस या फाइलीत. त्यासोबत चौकटीच्या स्वतःच्या चाचण्या, कागदपत्रांत आवृत्तीच्या उल्लेखासह नोंद, ब्लर्ब साधनाने बनवलेली बातमीची ओळ आणि पहिल्यांदाच योगदान देत असल्यास करारावर सही, एवढे लागते. चाचण्यांत नवी मेथड नसलेला निकालवर्ग मुद्दाम बनवून तो तपासावा. नव्या सोयी फक्त मुख्य शाखेत जातात, आणि साधारण मे महिन्यात पहिला बीटा निघाला की त्या आवृत्तीसाठी दार बंद होते. त्यानंतर मंजूर झालेली भर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीत येते.