देणगी करार आणि देणगीदार-संपर्क (सोलापुरातील वैद्यकीय संस्था)

रुग्णालयाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला ठरावीक कामासाठी मिळालेला पैसा, जागा वा यंत्र कोणत्या अटींवर दिले आणि घेतले, याचा लेखी दस्त म्हणजे देणगी करार. त्यानंतर वर्षानुवर्षे चालणारा हिशेब, पत्रव्यवहार आणि भेटीगाठी यांना देणगीदार-संपर्क म्हणतात. सोलापुरात हे काम संस्थेच्या प्रकारानुसार बदलते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) आणि त्याला जोडलेले 'सिव्हिल' रुग्णालय ही सरकारी संस्था. तिथे दिलेली वस्तू शासनाच्या मालकीची होते, जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढते आणि देणाऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. अश्विनीसारख्या सहकारी रुग्णालयात सभासदाने घेतलेला भाग (शेअर) ही देणगी नव्हे. ती भागभांडवलात जाते. पुढील माहिती मुख्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना लागू पडते.

पैसा कुठल्या खात्यात

करारातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेतूचे असते. 'रुग्णसेवेसाठी' एवढेच लिहिले तर संस्थेला मोकळीक मिळते. 'नवजात अतिदक्षता विभागातील दोन वॉर्मरसाठी' (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रांसाठी) असे लिहिले तर तो पैसा पगाराला वापरता येत नाही, विभाग बंद पडला तरीही. म्हणून जाणकार वकील हेतूखालीच पर्यायी कलम घालतात: मूळ काम अशक्य झाल्यास रक्कम त्याच्या जवळच्या कोणत्या कामाला वळवायची आणि त्यासाठी कोणाची संमती घ्यायची. हे कलम नसेल आणि दाता हयात नसेल, तर वरील अधिनियमाच्या कलम ५५ नुसार धर्मादाय आयुक्त व न्यायालय यांच्यामार्फत जाण्याची वेळ येते. त्यात वर्षे जातात.

कायम निधी, म्हणजे कॉर्पस, यासाठी दात्याचे स्वतंत्र लेखी निर्देश लागतात. पावतीवर कारकुनाने 'कॉर्पस' लिहून भागत नाही. हा पैसा आयकर कायद्याने मान्य केलेल्या प्रकारांतच, कॉर्पस म्हणून वेगळा गुंतवावा लागतो. कंपनीचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी मात्र कॉर्पसमध्ये घेता येत नाही. तो प्रकल्पावरच खर्च व्हावा लागतो आणि संस्थेकडे असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. सीएसआरचे पैसे अनेकदा मार्चअखेरीस येतात आणि लगेच विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागितले जाते. काम पुढच्या वर्षात जाणार असेल तर ते 'चालू प्रकल्प' म्हणून कंपनीच्या ठरावात आधीच दाखवून घ्यावे.

जमीन किंवा घर देताना नोंदणीकृत बक्षीसपत्र, त्यावर दोन साक्षीदार आणि दात्याच्या हयातीत संस्थेने केलेला स्वीकार, या तिन्ही गोष्टी लागतात. अशी मालमत्ता पुढे विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे दात्याला आधीच सांगावे.

यंत्राची देणगी

सर्वाधिक गोंधळ इथे होतात. यंत्र दिसते, फोटोत येते. त्याच्या मागचा खर्च दिसत नाही. डायलिसिसचे उदाहरण घ्या. यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मि.लि. द्रव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी. पाच यंत्रे दोन पाळ्यांत चालवली तर दिवसाला १,२०० लिटर. आरओ (पाणी शुद्ध करणारे) संयंत्र निम्मे पाणी टाकून देते असे धरले तर कच्चे पाणी २,४०० लिटर, धुण्याचे वेगळे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे किमान चार दिवसांची, म्हणजे सुमारे १०,००० लिटरची साठवण केवळ या विभागासाठी लागते. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले तर मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा, लवकर चोंदते. तेव्हा पाच यंत्रांच्या करारात टाकी, आरओ, जनित्राचा भार आणि मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेले नसेल तर उद्घाटनानंतर दोन यंत्रे चालतात आणि तीन झाकून ठेवली जातात. फीत कापायची तारीख आधी आणि नळजोडणी नंतर, हा क्रम इथे नवा नाही.

हमीकाळानंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर खरेदीच्या वेळीच कोटेशनमध्ये बांधून घ्यावा. नंतर पुरवठादार सांगेल तो दर. रक्कम 'जीएसटीसह' लिहावी, कारण आरोग्यसेवा करमुक्त असल्याने रुग्णालयाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सोनोग्राफी यंत्र असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याच्या नोंदणीत त्याची नोंद होईपर्यंत ते चालवता येत नाही. जुने यंत्र 'देऊन टाकू' म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही हेच लागू. क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

तिथी योजना

वडिलांच्या पुण्यतिथीला किंवा मुलाच्या वाढदिवसाला रुग्णांना जेवण अथवा औषध, अशी कायम ठेव योजना अनेक संस्थांत आहे. गणित सोपे आहे आणि तिथेच फसते. ५,००० रुपयांची ठेव १२ टक्क्यांनी वर्षाला ६०० रुपये देई, ६.५ टक्क्यांनी ३२५ देते. जेवणाचा खर्च मात्र वाढतच गेला. 'कायम' शब्द लिहून दिल्याने संस्थेला स्वतःच्या खिशातून भर घालावी लागते. नव्या करारात 'त्या वर्षीच्या व्याजाइतकी सेवा' एवढेच आश्वासन द्यावे आणि तिथी पंचांगाची की इंग्रजी तारखेची, तेही लिहून घ्यावे.

पावती

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत; खालचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत आणि बोलण्यातही तेच टिकून आहेत. 'एटीजी'च्या, म्हणजे कलम ८०जी खाली दात्याला मिळणाऱ्या करसवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, वस्तुरूप देणगीला सवलत नाही, आणि नव्या कररचनेतल्या दात्याला ती मुळात मिळतच नाही. शेवटची गोष्ट काउंटरवर आधी सांगितलेली बरी. वर्षाची देणगी यादी १०बीडी नमुन्यात ३१ मेपर्यंत भरायची आणि प्रत्येक दात्याला १०बीई प्रमाणपत्र द्यायचे. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क.

नेहमीची अडचण अशी. टॉवेल कारखानदार फर्मच्या खात्यातून धनादेश देतो आणि पावती आईच्या नावाने मागतो. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावाने, त्याच्याच पॅनवर. आईचे नाव 'यांच्या स्मरणार्थ' या ओळीत.

गुप्तदानाचे तसेच. फलकावर नाव नको असेल तर हरकत नाही, पण नोंदवहीत नाव-पत्ता हवाच. निनावी देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्यापलीकडे गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसू शकतो.

फलक आणि सवलत

नामफलकाचा मजकूर, आकार, जागा आणि मुदत करारालाच जोडावी, मसुद्यावर दात्याची सही घ्यावी. यंत्रावरचे नाव यंत्राच्या आयुष्यापुरते. खोलीवरचे १५–२० वर्षे किंवा पुढच्या नूतनीकरणापर्यंत. हप्त्यांनी देणगी असेल तर किती रक्कम जमा झाल्यावर फलक लागेल, ते लिहावे. सोलापुरात एकाच घराण्याची नावे मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन वळणांनी लिहिली जातात; शुद्धलेखनावरून आलेला रुसवा रकमेवरच्या वादापेक्षा जास्त टिकतो.

दात्याच्या नातलगांना मोफत उपचार, खाट राखून ठेवणे, खरेदीत त्याच्या दुकानाला प्राधान्य, अशी अट घेऊ नये. मोठ्या देणगीदाराला लाभ दिल्यास संस्थेची करमाफी धोक्यात येते. प्रवेशाच्या बदल्यात महाविद्यालयाने घेतलेली 'देणगी' तर १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखालचा गुन्हा.

वर्षाचा हिशेब

देणगीदाराला वर्षातून एकदा एका पानाचे पत्र पुरते: आलेली रक्कम, खर्च, शिल्लक, किती सत्रे वा रुग्ण, यंत्र किती दिवस बंद होते आणि का. शेवटचा रकाना बहुतेक संस्था गाळतात. दात्याला तोच इतर कोणाकडून तरी कळतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ज्या सत्राचे पैसे मिळाले ते पुन्हा देणगी निधीत खर्ची टाकू नये. गरीब रुग्णांसाठी आलेली देणगी धर्मादाय रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये, जमा करायची असते. बिलांच्या २ टक्के रक्कम संस्थेने स्वतः तिथे टाकायची. देणगी त्याची जागा घेत नाही. रुग्णाचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय पत्रात घालू नये.

करारात दात्याबरोबर पुढच्या पिढीतल्या एका व्यक्तीचे नाव, पत्ता आणि मोबाइल घ्यावा. यंत्रमाग विकून मुले पुण्याला गेली की जुन्या पत्त्यावरची पत्रे परत येऊ लागतात, आणि पर्यायी कलमाला संमती कोणाकडून घ्यायची हा प्रश्न उभा राहतो.